सोवळ्याचं पाणी

कोलकात्याच्या बागबाजारात आमच्या जुन्या घरामागच्या प्लॉटवर अजून एक पंप चालतो. परवा मुद्दाम जाऊन ऐकून आले. न्यू टाउनहून बस, मग मेट्रो, मग गल्ल्यांमधून पायी, असा निम्मा दिवस मोडून मी ती घरघर ऐकायला जाते हे माझ्या मुलाला काही केल्या पटत नाही. "आपल्या सोसायटीत पंप आहे की, तो ऐक," असं तो म्हणतो. त्याचंही बरोबर आहे. पण मला मुळातच एका जागी फार वेळ बसवत नाही, लहानपणापासून पायाला भिंगरी, आणि हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. तो पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा मी बारावीत होते आणि आमच्या घरात एका बाईनं जेवण सोडलं होतं.

बाबांची बँकेतली बदली कोलकात्याला झाली तेव्हा मी इतकी लहान होते की त्याआधीचं पुणं मला आठवतच नाही. तीन वर्षांत परत जायचंय म्हणून आईनं एक ट्रंक कधी रिकामी केलीच नाही. ती पलंगाखाली तशीच राहिली, तिच्यावर पापडांचे डबे चढले, आणि त्या तीन वर्षांची किती वर्षं झाली हा विषय काढायचा नाही असं घरात आपोआप ठरून गेलं. घर तळमजल्यावरचं. दोन खोल्या, एक अंधारं स्वयंपाकघर आणि मधे चौकोनी अंगण. अंगणाच्या कोपऱ्यात एक अरुंद विहीर होती, भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेली. जुन्या घरांतून अशा विहिरी असायच्या, तिकडे त्यांना पातकुओ म्हणतात. कठड्याला लागून तुळशीची कुंडी. वरच्या मजल्यावर मालकीणबाई राहायच्या. सगळी गल्ली त्यांना काकीमा म्हणायची म्हणून आम्हीही काकीमाच म्हणायचो. आम्ही मराठी, म्हणून त्या लाडात आल्या की आम्हाला बर्गी म्हणायच्या, म्हणजे त्यांच्या आज्या-पणज्यांना लुटून गेलेले घोडेस्वार. माझे बाबा सायकलवरूनही पडायचे, हे त्यांना माहीत होतं.

आणि आत्या. बाबांची ही थोरली बहीण. लग्न झालं आणि वर्षभरात नवरा गेला, तेव्हापासून ती आमच्यातच. आई तिला वन्सं म्हणायची, बाबा ताई, आणि बंगाली शेजारणी तिला काहीच म्हणायच्या नाहीत, कारण तिच्याशी बोलायचं तर कुठल्या भाषेत हा प्रश्न होता. इतकी वर्षं राहून तिचं बंगाली भाजीच्या टोपलीपलीकडे गेलं नाही. तिचं सोवळं मात्र अतिशय कडक. उजाडायच्या आत आंघोळ, अंगावर रेशमी मुकटा, आणि मग स्वयंपाक होईपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही. नळाचं पाणी तिला चालायचं नाही, कारण तोटीत कातड्याचा वायसर असतो. "ताई, आता रबराचा असतो गं," असं बाबा दर काही महिन्यांनी सांगून बघायचे. "तू आत शिरून पाहिलंस का?" एवढं विचारून ती विषय मिटवायची. देवाचं, नैवेद्याचं आणि तिचं स्वतःचं पाणी विहिरीचं. तेही तिनं स्वतः पोहऱ्यानं उपसलेलं. मला जाग यायची ती कप्पीच्या कुरकुरीनं. मग पोहरा पाण्यावर आपटल्याचा आवाज, मग तांब्याच्या कळशीत ओतल्याचा. काकीमा वरून कठड्यावर रेलून बघायच्या आणि न चुकता म्हणायच्या, "नल में तो गंगा का जल आता है. तुमलोग गंगा को छोड़ के मेरे कुएँ का जल पिएगा?" त्या स्वतः त्या विहिरीचं पाणी भांडी घासायला आणि झाडांना वापरायच्या, प्यायला कधीच नाही. बाबा, आई आणि मी नळाचं प्यायचो. आमच्या घरात असे दोन वेगळे पाणवठे होते आणि आम्हाला त्यात काही चमत्कारिक वाटायचं नाही. आज माझ्या स्वयंपाकघरात भिंतीवर पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे. त्याचा दिवा हिरवा असल्याशिवाय माझी सून घोटभर पाणी पीत नाही. मी तिला काही म्हणत नाही, मी सोवळ्यातच वाढले आहे.

आत्याच्या हातचं अन्न मात्र असं होतं की तिचे सगळे नियम माफ. आंबेमोहोर मिळायचा नाही म्हणून ती गोविंदभोगचा भात करायची. त्याची वाफ अंगणात गेली की काकीमांचा नातू जिन्यात येऊन बसायचा. हिवाळ्यात खजुराचा नवा गूळ आला की त्याच गुळाच्या तिळाच्या वड्या. पुण्याचे पाहुणे त्या तोंडात टाकल्या की लगेच आणखी मागायचे. वरून मोहरीत शिजलेल्या माशांचा वास उतरायचा, खालून आमच्या आमटीच्या फोडणीचा वर चढायचा, आणि दोघी एकमेकींच्या वासाला नाकं मुरडायच्या. संध्याकाळी घराघरांतून शंख वाजायचे. शंख ऐकला की आत्या मला हातपाय धुवायला पिटाळायची, कारण मी त्या वेळी नेमकी बाहेर कुठेतरी असायचे.

मी दुसरी-तिसरीत असताना आईला दिवस गेले. इतक्या वर्षांनी घरात पाळणा हलणार म्हणून आत्याचा आनंद तिच्या मुकट्यात मावेना. डिंकाचे लाडू झाले, शतावरी पुण्याहून आली, आणि आईचं नळाचं पाणी बंद झालं. "पोटात पोर असताना ते कातड्यातलं पाणी नको, सुमन," असं आत्यानं सांगून टाकलं. रोज सकाळी ती उपसलेल्या पाण्याचा तांब्या भरून आईच्या हातात द्यायची आणि समोर उभी राहायची. आई अर्धा तांब्या प्यायची आणि मग माझ्याकडे वळून म्हणायची, "घे, उरलेलं तुझं. भाऊ येणार आहे ना, आतापासून वाटून घ्यायची सवय लाव." ते पाणी गार असायचं आणि त्याला किंचित गोडसर वास यायचा. तो मला आवडायचा. भाऊ आला तो सातव्या महिन्यातच, आणि रडला नाही. बाबा दवाखान्यातून रिकाम्या हातानं आले आणि अंगणात उभेच राहिले, एवढं मला आठवतं. त्यानंतर घरात त्याच्याबद्दल कुणी बोललं नाही. आई बोलली नाही म्हणून आत्याही नाही.

तो गोडसर वास मला आणखी एका ठिकाणी भेटायचा. आमच्या अंगणाच्या मागच्या भिंतीपलीकडे ड्रायक्लीनिंगची तीन दुकानं होती, एकमेकांना चिकटून. लग्नसराईतले सूट, नाटकवाल्यांचे जरीचे अंगरखे, हिवाळा संपला की शाली आणि कोट, असं सगळं तिथे यायचं. शाळेतून येताना मी काचेला नाक लावून उभी राहायचे. तो वास डोक्यात चढायचा, थोडा पेट्रोलसारखा, थोडा गोड. आईचा लग्नातला शालू एकदा तिथे दिला होता, सांडलेल्या वरणाचा डाग काढायला. डाग गेला, पण आत्यानं तो शालू सोवळ्यातून कायमचा बाद केला आणि तो पलंगाखालच्या ट्रंकेत गेला. दहा जणांच्या कपड्यांबरोबर एका द्रवात बुचकळलेलं वस्त्र देवापुढे कसं चालेल? आपल्या मुकट्याची घडीही तिनं त्या दुकानांच्या दारात जाऊ दिली नाही. दुकानं पुढे एकामागून एक बंद पडली. घरोघरी वेगळे कपडे आले, वेगळे साबण आले, मालक म्हातारे झाले. शटरं गंजली, पाट्यांवरची अक्षरं उडाली, आणि मला तिथे थांबायचं काही कारण उरलं नाही.

मग बारावीच्या वर्षी, ऐन उन्हाळ्यात, पाणी तपासणारी माणसं गल्लीत आली. त्यांनी घरोघरच्या विहिरींतून आणि हातपंपांतून बाटल्या भरून नेल्या. आम्ही विसरूनही गेलो. पावसाळा लागल्यावर ती परत आली, या वेळी त्यांच्याबरोबर हालदारबाबू नावाचे इंजिनिअर होते, हातात छत्री, पँटला चिखल. त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि सांगितलं की या विहिरीचं पाणी आजपासून कशालाही वापरायचं नाही, झाडांनाही नाही. दुकानांत कपडे धुतलेला जो द्रव खराब व्हायचा तो मागच्या मोरीत आणि जमिनीत जात राहिला होता. कुणी मुद्दाम वाईट केलं नव्हतं, तेव्हा सगळीकडे तसंच करायचे. पण तो द्रव पाण्याहून जड, तो खाली जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षं थोडा थोडा सुटत राहतो. हे सगळं मी आत्याला मराठीतून सांगत होते. ती मुकट्यात, खांबाला टेकून उभी होती. इतरांपासून चार हात लांब. माणसांनी विहिरीवर लोखंडी झाकण ठोकलं, त्यावर तांबड्या रंगाची फुली मारली आणि कप्पी काढून काकीमांच्या हातात दिली. काकीमा ती कप्पी पोटाशी धरून रडल्या. आत्या आत गेली.

त्या दिवसापासून तिनं अन्न सोडलं. म्हणजे तसं जाहीर केलं नाही. "माझं पाणी नाही, तर माझा स्वयंपाक नाही," इतकंच म्हणाली. घरचा स्वयंपाक आईकडे आला आणि आत्या फळांवर आणि शहाळ्यावर राहू लागली. शहाळ्यात कातडं नाही हे कुणालाही पटण्यासारखं होतं, म्हणून पहिल्यांदा आम्ही हसलोसुद्धा. बाबा घाटावरून गंगेचं पाणी कॅनमध्ये भरून आणायचे. तिनं ते देवाला वापरलं, स्वतः ओठाला लावलं नाही. "अगं, गंगा आहे ती," बाबा म्हणाले. "गंगेला मी नावं ठेवत नाही," आत्या म्हणाली. आठवडे गेले तसं आमचं हसणं थांबलं. मुकट्याच्या निऱ्या तिच्या कमरेवर ठरेनात. देवापुढून उठताना ती भिंतीला हात लावू लागली. डॉक्टर म्हणाले, या वयात असं चाललं तर फार दिवस निघणार नाहीत, आणि आमच्याकडे असं बघितलं की जणू आम्हीच तिला उपाशी ठेवतोय. बाबांना वाटलं हा सोवळ्याचा हट्ट आहे. ते पहिल्यांदाच तिच्यावर ओरडले आणि मग स्वतःच बाहेर जाऊन बसले. मलाही तसंच वाटत होतं. मला तिचा इतका राग आला होता की एका वायसरसाठी आपला जीव देणारी बाई मला माझी आत्या म्हणवत नव्हती.

मागच्या प्लॉटवर खोदकाम सुरू झालं होतं. आधी जमिनीत नळ्या ठोकणारं यंत्र आलं. त्याच्या दणक्यानं आमची भांडी फळीवर थरथरायची. काकीमा कठड्यावरून म्हणाल्या, "पहले तुमलोग के डर से यहाँ खाई खोदा था. अभी फिर खोदता है." एरवी या विनोदावर आत्या तोंडाला पदर लावून हसायची. मराठ्यांना अडवायचा खंदक आमच्याच भागातून सुरू झाला होता, हे तिला फार आवडायचं. त्या दिवशी तिनं वर पाहिलंही नाही. मग एक उंच पत्र्याचा मनोरा उभा राहिला, त्याच्याशेजारी मोठी पिंपं, आणि एक दिवस पंप चालू झाला. तो थांबायचाच नाही. जेवताना, अभ्यास करताना, केस विंचरताना घरघर चालूच. पुस्तक उघडलं की अक्षरं त्या आवाजात हलतात असं वाटायचं. मी खोलीतून अंगणात, अंगणातून गल्लीत, गल्लीतून मनोऱ्याशी अशा फेऱ्या मारायचे. आई म्हणायची, "शुभा, तुला कुणी चावी दिली आहे का?" पण ती स्वतःही दिवसातून दहा वेळा आत्याच्या खोलीत डोकावून परत यायची.

मनोऱ्याशी हालदारबाबू भेटायचे. त्यांनी मला सांगितलं की खालचं पाणी ओढून वर न्यायचं, वरून ते पावसासारखं सोडायचं आणि खालून वारा फुंकायचा. तो द्रव वाऱ्याबरोबर उडतो आणि पिंपांतल्या कोळशात अडकतो. "म्हणजे तुम्ही पाण्यालाच आंघोळ घालता," मी बंगालीत म्हणाले. ते हसले. किती दिवस चालेल हे विचारलं तेव्हा म्हणाले, "तू आजी होशील तेव्हाही कदाचित चालू असेल." मी ते घरी येऊन आत्याला सांगितलं, तिला जरा बरं वाटावं म्हणून. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या माणसाला घरी बोलाव. चहा देऊ."

ते आले. आईनं चहा दिला आणि ती भाजीला बाहेर पडली. बाबा बँकेत. आत्या चटईवर बसली होती, तिला आता फार वेळ उभं राहवत नव्हतं. हालदारबाबू समोर स्टुलावर. मी मधे, इकडचं तिकडे सांगायला.

"त्याला विचार, पाणी असं कधीपासून होतं?"

मी विचारलं. ते म्हणाले, दुकानं तुम्ही यायच्या आधीपासूनची, तेव्हा तुम्ही इथे राहायला आलात तेव्हाही ते असणारच.

आत्यानं मान हलवली. मग माझ्याकडे न बघता, विहिरीच्या झाकणाकडे बघत म्हणाली, "आता विचार, पोटुशी बाईनं ते रोज प्यायलं असेल, तर?"

मला वाक्य कळलं, आणि मग त्याचा अर्थ कळला. दोन्हींच्या मधे किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. एक बाई इतके आठवडे सोवळ्यासाठी नव्हे, तर स्वतःला शिक्षा म्हणून उपाशी राहत होती, आणि आम्ही तिला हट्टी म्हणत होतो. मी प्रश्न बंगालीत विचारला. माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटला. हालदारबाबूंनी कप खाली ठेवला. त्यांनी मला उत्तर दिलं नाही, आत्याकडेच वळले आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "दीदी, बच्चे के लिए अच्छा नहीं है, इतना किताब में लिखा है. लेकिन किसका घर में क्या हुआ, क्यों हुआ, ये कोई नहीं बोल सकेगा. मैं भी नहीं, डॉक्टर भी नहीं." मी भाषांतर करायला तोंड उघडलं. आत्यानं हात वर करून मला थांबवलं. "चहा घ्या म्हणावं," ती म्हणाली, "निवतोय."

आई परत आली तेव्हा मी दारातच तिला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. तिच्या पिशवीतून पडवळं बाहेर डोकावत होती. तिनं पिशवी खाली ठेवली नाही. ऐकून घेतलं, "हं" म्हणाली, आत गेली, पडवळं धुतली, चिरायला बसली. मी तिच्यामागे स्वयंपाकघरात उभी. "आई, तू काही बोलणार आहेस का?" तिनं सुरी थांबवली नाही. "तुझा अभ्यास झाला?" असं तिनं विचारलं. मी इतकी चिडले की तडक बाहेर पडले आणि पार घाटापर्यंत चालत गेले. तिथे पायऱ्यांवर बसून मला रडू आलं, कुणासाठी ते तेव्हा नीट समजलं नाही. आज समजतं. तिघांसाठीही होतं ते, आणि त्यातला एक तर मी पाहिलाही नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गौरी आल्या. गौरीचं जेवण म्हणजे आत्याचं राज्य. आमच्या कोलकात्याच्या घरी त्या दिवशी शहरातली पाच-सात मराठी घरं जेवायला यायची, आणि सॉल्ट लेकहून येणारी मंडळी पुरणपोळीवर अशी तुटून पडायची की बाबांना वाढताना भीती वाटायची. या वर्षी आईनं कुणालाच बोलावलं नाही. आदल्या संध्याकाळी आत्या म्हणाली, "सुमन, नैवेद्याला मी हात लावणार नाही. माझ्या हातानं आता देवाला काही नको." आई फक्त "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं एकटीनं सगळं केलं. पुरण, कटाची आमटी, पडवळाची भाजी, चटण्या, खीर, सगळं नळाच्या पाण्यात, नळ धो धो सोडून, कुणापासून काही लपवायचं नाही असा. मग आंघोळ करून तिनं ट्रंक ओढली. तीच, पलंगाखालची. पापडांचे डबे जमिनीवर उतरवले, झाकण उघडलं आणि आतून तो बाद झालेला शालू काढून नेसली. नैवेद्य दाखवला. बाबा आरती म्हणताना मधेच अडखळत होते, कारण त्यांचं लक्ष शालूकडे होतं.

आरती झाली तशी आईनं एक पान वाढलं, शेजारी स्टीलच्या पेल्यात नळाचं पाणी घेतलं आणि आत्याच्या खोलीत गेली. मी आणि बाबा दारात. आत्या मुकट्यात भिंतीला टेकून बसली होती. आई तिच्या इतकी जवळ बसली की शालूचा काठ मुकट्याला लागला. आत्यानं पाय ओढून घेतले नाहीत. कदाचित तेवढीही ताकद नव्हती.

"वन्सं," आई म्हणाली, "तुमचं ते पाणी मी कधी प्यायलेच नाही."

आत्यानं तिच्याकडे पाहिलं.

"दिवस गेले होते तेव्हा. मला त्याचा वास सहन व्हायचा नाही. तुम्ही तांब्या द्यायचात आणि वळलात की मी तुळशीत ओतायचे. रोज. एक घोटही माझ्या पोटात गेला नाही. त्यामुळे मनात काही ठेवू नका."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मी दारात उभी राहून आईचं ते खोटं ऐकत होते. तो अर्धा तांब्या माझ्या हातात आलेला होता. माझ्या ओठांना त्याची कड लागलेली होती. आत्या समोरून कधी वळायचीच नाही, हेही मला आठवत होतं. आईनं एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. आत्या म्हणाली, "शालू अजून चांगला आहे गं तुझा." आणि तिनं हात पुढे केला. आईनं पेला दिला. आत्या नळाचं पाणी प्यायली, थांबत थांबत, सगळं. मग आईनं वरणभात कालवून तिला दोन घास भरवले. बाबा अंगणात जाऊन झाकण ठोकलेल्या विहिरीशी उभे राहिले. मागे पंप चालू होता.

आत्या त्यानंतर सुधारली. दिवाळीपर्यंत स्वयंपाकघर परत तिच्या ताब्यात गेलं, आणि आईच्या फोडणीला नावं ठेवणंही सुरू झालं, तेव्हा आमच्या जिवात जीव आला. नळाचं पाणी ती आता वापरायची. पण आधी तोटीकडे एकदा संशयानं बघून घ्यायची. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी ती आणि मी अंगणात कुंडीला गेरू लावत होतो. माझी परीक्षा जवळ आली होती आणि मी घाईघाईनं फडकं फिरवत होते, गेरू खाली ओघळत होता. "हळू," ती म्हणाली. "ही तुळस मी कधी लावली, माहीत आहे?"

मी नाही म्हणाले.

"तुझा भाऊ गेला, त्यानंतर. त्याच्या नावानं लावली. त्याआधी या अंगणात तुळस नव्हतीच."

माझा हात थांबला. तिचा चालू होता. मी विचारलं, "मग तू पाणी का प्यायलीस?"

"सुमननं आणून दिलं होतं," आत्या म्हणाली. मग कुंडी फिरवून दुसरी बाजू माझ्यासमोर केली. "आईला सांगू नकोस मला ठाऊक आहे म्हणून. तिला बरं वाटतंय."

मी सांगितलं नाही. पुढे आत्या गेली तेव्हाही नाही, आणि आईच्या शेवटच्या आजारपणात, ती तासन् तास जुन्या गोष्टी काढायची तेव्हाही नाही. एकदा तिनं स्वतःच विचारलं होतं, "वन्संना तेव्हा पटलं असेल ना गं?" मी म्हणाले, "पटलं म्हणून तर प्यायली."

परवा मी गेले तेव्हा प्लॉटवर एक तरुण मुलगी पाण्याच्या बाटल्या भरत होती. हालदारबाबूंचं नाव तिनं ऐकलेलं होतं. पाणी पुष्कळ सुधारलंय, ती म्हणाली, पण झाकण काढता येईल इतकं नाही, अजून काही वर्षं तरी पंप चालवावा लागेल. काकीमांचा नातू आता त्या घरात राहतो. त्यानं मला अंगणात नेलं. विहिरीवर तेच झाकण आहे, फुलीचा रंग उडालाय. तुळशीची कुंडी नवी आहे, तुळस मात्र त्याच तुळशीच्या मंजिऱ्यांची, असं तो म्हणाला. त्यानं घरातून पाण्याचा पेला आणून माझ्या हातात दिला. मी अर्धा प्यायले आणि उरलेलं तुळशीला घातलं.